फोटोवरून वळूची पारख: काय दिसतं, काय लपतं आणि कोणते फोटो मागवायचे

तुम्ही अडीच वर्षांच्या वळूचे तीन फोटो दाखवलेत. एक समोरून तिरका, एक बाजूने पण गुडघाभर गवतात उभा असलेला, आणि एक नुसत्या डोक्याचा. तुमचे प्रश्न दोन आहेत: पैदाशीसाठी तो घेण्यासारखा आहे का, आणि अंगाने उतरल्यासारखा दिसतो तो आजारी तर नसेल ना. मालक म्हणतो, गेले तीन महिने तो गाईंच्या कळपात सोडलेला होता.

मला वाटतं, खरी अडचण वेगळीच आहे. जनावर लांब आहे, जाऊन बघायचं तर दिवस आणि पैसा दोन्ही खर्च होणार, म्हणून जायचं की नाही एवढं फोटोवर ठरवायचंय. तेवढ्यासाठी चांगले फोटो पुरतात. मात्र फोटो वळूला नापास करू शकतो, पास करू शकत नाही. पायाचा ठळक दोष, एक लहान एक मोठं वृषण, लिंगाच्या आवरणातून लोंबून बाहेर आलेली आतली कातडी, असलं काही दिसलं तर फेरी वाचली. काहीच दोष दिसला नाही, तर त्याचा अर्थ ‘जाऊन बघण्यासारखा आहे’ इतकाच घ्यायचा.

वळूकडे बघायच्या आधी मी फोटो कसा काढलाय ते बघतो. मोबाइलचा कॅमेरा जवळून धरला की जे भिंगाच्या जवळ ते फुगून दिसतं. तुमचा पहिला फोटो समोरून तिरका आणि जवळून काढलेला आहे, त्यामुळे डोकं, मान, खांदा भारदस्त दिसतो आणि मागचा भाग आपोआप निमुळता होतो. असा फोटो मुद्दाम काढतात असं नाही. जनावर बांधलेलं असतं आणि माणूस समोर उभा राहतो, इतकंच. पण त्यावरून ‘पुढून जबरदस्त, मागून हलका’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. बरोबर फोटो म्हणजे पाच-सहा मीटर लांबून, झूम न करता, अगदी काटकोनात बाजूने, आणि कॅमेरा वळूच्या पोटाच्या मध्यावर येईल इतक्या उंचीवर. उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून काढला की पाय आखूड दिसतात; खाली बसून काढला की जनावर उंच आणि लांब पायांचं वाटतं.

जमीनही बघा. पुढचे पाय चढावर असले की पाठ सरळ आणि अंग भरलेलं वाटतं. उतारावर उभा असेल तर तोच वळू पुढे झुकलेला दिसतो. दोरीने डोकं वर ओढून धरलं असेल तर पाठीत खोलगट भाग तयार होतो, तो पाठीचा दोष नव्हे. भर दुपारच्या उन्हात सावल्या थेट खाली पडतात आणि बरगड्या आहेत त्यापेक्षा ठळक उठतात. उलट अंगावर लांब केस असले की अर्धा अशक्तपणा त्यात झाकला जातो. आणखी एक गोष्ट हमखास तपासा: फोटो ताणलेला आहे का. कानातला गोल बिल्ला लंबगोल दिसला तर फोटोची लांबी-रुंदी बदललेली आहे, आणि त्यावरून शरीराच्या लांबीबद्दल काहीही बोलता येणार नाही. बिल्ल्यावरचा आकडा उलटा दिसत असेल तर फोटो आरशासारखा पलटलेला आहे, म्हणजे डावा पाय उजवा झालाय. सगळ्या फोटोंत बिल्ल्याचा क्रमांक एकच आहे ना, हेही बघून घ्या. बाजूला माणूस उभा असेल तर तो वळूच्या पुढे आहे की मागे ते लक्षात घ्या. मागे उभ्या माणसाशेजारी मध्यम वळूही धिप्पाड वाटतो.

आता पाय. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण गाय भरवताना वळूचा सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. गाय एखाद्या कमजोर पायावर निभावून नेते, वळूला ते जमत नाही. बाजूच्या फोटोत शेपटीच्या दोन्ही अंगांना जी बसायची हाडं असतात, त्यांच्या टोकापासून मनात एक सरळ रेघ खाली सोडा. पाय चांगला असेल तर रेघ मागच्या गुडघ्याच्या (मागच्या पायाचा मधला, मागे टोक असलेला सांधा) मागच्या कडेला लागून नळीच्या हाडालगत, म्हणजे त्या सांध्याखालच्या लांब हाडालगत, जमिनीवर उतरते. गुडघा फार वाकलेला आणि खूर पोटाखाली पुढे गेलेला असेल तर पाय कोयत्यासारखा वळलेला आहे. थोडा वाक चालतो, जास्त असला की टाचेवर भार येऊन टाच झिजते आणि खुराचं पुढचं टोक वाढत जातं.

याच्या उलट दोष जास्त वाईट. गुडघ्याला वाकच नाही, पाय खांबासारखा सरळ. नवख्या माणसाला असा पाय ‘मजबूत’ वाटतो. पण वाक नसला की धक्का झेलायला जागा राहत नाही; सांध्यात पाणी भरून सूज येते, पुढे सांधा झिजतो, आणि ऐन कामाच्या वयात वळू चढायला नकार देतो. गुडघ्याच्या आतल्या-पुढच्या बाजूला मऊ फुगवटा दिसतो का, ते फोटो मोठा करून बघा. अडीच वर्षांच्या वयात सरळ पाय आणि सुजलेला सांधा असं दोन्ही असेल तर मी बाकीचं बघत बसणार नाही.

फक्त एक सावधगिरी. पाय मागे टाकून उभा असलेला कुठलाही वळू सरळ पायाचा दिसतो, आणि पाय पोटाखाली घेतला की कोयत्यासारखा. म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नका. नळीचं हाड जमिनीला काटकोनात उभं असेल तेव्हाच तो फोटो पायासाठी ग्राह्य धरायचा. कॅमेऱ्याकडचा मागचा पाय किंचित मागे आणि पलीकडचा किंचित पुढे असेल तर दोन्ही पाय नीट दिसतात.

मागून काढलेल्या फोटोत तीच रेघ गुडघ्याच्या आणि खुराच्या मधोमध जायला हवी. गुडघे एकमेकांकडे आणि खुरं बाहेर वळलेली थोडीफार बऱ्याच जनावरांत असतात, त्यावरून लगेच नापास करू नये. गुडघे बाहेर फाकलेले असतील तर मात्र खुरांची बाहेरची नखं जास्त झिजतात आणि चाल बिघडते. खुरांची दोन्ही नखं सारख्या मापाची असावीत. एक नख दुसऱ्यावर चढलेलं किंवा पिळवटलेलं असेल, तर छाटून ते काही दिवस सरळ दिसेल; पण हा दोष पुष्कळदा पिढीत उतरतो. खुराभोवती आडव्या वळ्या दिसल्या तर मागे कधीतरी धान्याचा भडिमार झालाय किंवा मोठा आजार येऊन गेलाय असा संशय घ्यावा. तुमच्या दुसऱ्या फोटोत गवतामुळे यातलं काहीच दिसत नाही. तो फोटो पायासाठी बाद.

आता अंगाबद्दल. शरीराची स्थिती १ ते ५ गुणांत मोजतात: १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे चरबीने थबथबलेला. काही ठिकाणी १ ते ९ ची मोजपट्टी वापरतात, म्हणून कोणी ‘गुण ५’ म्हणालं तर कुठल्या पट्टीवर ते आधी विचारा. ५ गुणांच्या पट्टीवर, कामाला लावण्याआधी वळू ३ ते ३.५ वर असावा. मी चार जागा बघतो: शेवटच्या बरगड्या, पाठीचा कणा, कमरेची पुढची दोन टोकं आणि शेपटीचं मूळ. ३ गुणांच्या वळूत शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसट दिसतात, कणा गुळगुळीत असतो, कमरेची टोकं ओळखू येतात पण टोचत नाहीत, शेपटीच्या मुळाशी उथळ खळगा असतो. २ वर आला की बऱ्याच बरगड्या मोजता येतात, कण्याची कड उठते आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डा पडतो. ४ च्या पुढे गेला की बरगड्या दिसत नाहीत, छातीखालचा भाग पिशवीसारखा भरतो आणि शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी दिसतात.

डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची बरगडी आणि कंबर यांमधल्या खळग्यावर, जाऊ नका. ती खोल गेलेली दिसली की लोक ‘खंगलाय’ म्हणतात, पण ती फक्त त्या दिवशी पोट किती भरलंय ते सांगते. सकाळी उपाशी आणि संध्याकाळी चरून आलेला एकच वळू दोन वेगळी जनावरं वाटू शकतात. चरबी एका दिवसात चढत नाही की उतरत नाही. वशिंड असलेल्या जातींत कातडी पातळ आणि केस आखूड असतात, त्यामुळे धडधाकट वळूच्याही बरगड्या जरा जास्त दिसतात. तिथे कणा आणि शेपटीचं मूळ यांवर जास्त भरवसा ठेवावा. वशिंड उभं, घट्ट आहे की एका बाजूला कलंडलंय, हेही बघावं, पण वशिंड केवढं असावं ते जात आणि वय यांवर अवलंबून असतं.

चरबी आणि मांस यांतला फरक फोटोत मागूनच कळतो. मांडी मधल्या उंचीवर सगळ्यात रुंद आणि बाहेरून गोलाई असलेली असेल, मागच्या दोन पायांत अंतर असेल, तर ते मांस. वरचा पुठ्ठा रुंद पण मांडी सपाट, छातीखाली आणि भकाळीत भरणा, हे चरबीचं लक्षण. तरीही फोटोवरून दिलेला गुण अर्ध्या गुणाने चुकू शकतो, म्हणून मालकाला किंवा जवळच्या पशुवैद्याला बरगड्यांवर हात फिरवून सांगायला लावा. मूठ आवळून दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या गाठींवरून फिरवली की जसं लागतं, तशा बरगड्या लागल्या तर जनावर बारीक आहे. हात उघडून बोटांच्या मुळांवरून फिरवल्यासारखं वाटलं तर ठीक आहे.

तुमच्या वळूला दुसऱ्या फोटोवरून मी अंदाजे २.५ देईन. तीन महिने कळपात काढलेल्या अडीच वर्षांच्या वळूत हे अनपेक्षित नाही. तो अजून वाढीला लागलेला असतो, माजावरच्या गाईमागे फिरताना चरणं सोडतो, आणि एका हंगामात ५० किलोच्या आसपास वजन घटणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग ‘बारीक आहे का’ यापेक्षा ‘का बारीक आहे’ हे शोधायला हवं. काम थांबल्यावर भरून येत असेल तर चिंता नाही. काम नसताना बारीक असेल, किंवा केस राठ, उभे आणि निस्तेज असतील, शेपटीखाली शेण चिकटलेलं असेल, तर जंत, दात, पायाची दुखापत किंवा जुनाट आजार यांचा विचार करावा लागेल. म्हणून फोटोची तारीख, आणि कळपातून कधी काढला ती तारीख, दोन्ही विचारून घ्या. आठवड्यापूर्वी काढलेला असेल तर २.५ समजण्यासारखा आहे. चार महिने झाले असतील तर नाही.

५०० किलोच्या वळूत अर्धा गुण म्हणजे ढोबळमानाने ३० ते ४० किलो. रोज अर्धा किलो वाढ धरली तर दोन ते अडीच महिने लागतात. याहून घाई करून धान्य ओतलं की पोटात आम्लता वाढते, खुरांना सूज येते आणि नफ्यापेक्षा तोटा जास्त होतो. विकण्याआधी फुगवलेला, ४.५ गुणांचा वळू मला २.५ वाल्यापेक्षा जास्त खटकतो, आणि त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

वृषणं शरीराच्या तापमानापेक्षा काही अंश थंड राहिली तरच वीर्य चांगलं तयार होतं. वृषणकोषाच्या वरच्या निमुळत्या भागात, म्हणजे त्याच्या मानेत, रक्त थंड होण्याची सोय असते. तिथे चरबी साठली की ही सोय बिघडते. म्हणून मागून फोटो घ्यायचा, कॅमेरा मागच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि हवा उबदार असताना. थंडीत वृषणं वर ओढली जातात आणि काहीच कळत नाही. चांगल्या वृषणकोषाला वर स्पष्ट मान दिसते, खाली दोन्ही वृषणं सारखी भरलेली असतात आणि तळ मागच्या गुडघ्याच्या वरच राहतो. वरपासून खालपर्यंत सरळ नळकांडं दिसलं तर मानेत चरबी असू शकते. खाली टोकदार, वर चिकटलेला असेल तर वृषणं लहान असण्याची शक्यता असते. एक वृषण डोळ्यांना जाणवेल इतकं लहान असेल तर तिथेच थांबा. थोडं वर-खाली असणं मात्र स्वाभाविक आहे. फार लोंबणारा वृषणकोष काट्याकुट्याला लागतो, गोचिडांनाही सोपा पडतो.

घेर मात्र फोटोवर सांगायच्या भानगडीत पडू नका. तो टेपनेच घ्यायचा: दोन्ही वृषणं हळुवार खाली ओढून, कोषावरच्या घड्या निघाल्यावर, सर्वांत रुंद जागी. विदेशी जातींसाठी प्रचलित किमान मापं अशी: १५ महिन्यांपर्यंत ३० सेंमी, १८ ते २१ महिन्यांत ३२, आणि २४ महिन्यांपुढे ३४ सेंमी. वशिंड असलेल्या जाती उशिरा वयात येतात, त्यांची मापं त्याच वयात कमी भरतात, म्हणून जातीनिहाय तुलना करावी. घेर बराचसा आनुवंशिक असतो, आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडीही सहसा लवकर माजावर येतात. त्यामुळे हा आकडा नुसता त्या वळूपुरता नाही.

पोटाखालचं लिंगाचं आवरण बाजूच्या फोटोत बघा. वशिंडवाल्या जातींत ते लोंबतंच, पण मागच्या आणि पुढच्या गुडघ्यांना जोडणाऱ्या रेघेच्या खाली जाऊ नये आणि तोंड पुढच्या दिशेला असावं. तोंडातून लालसर ओलसर कातडी बाहेर लोंबत असेल तर ती खरचटते, सुजते, आणि मग वळू कामातून जातो. आत घेतो की कायम बाहेरच राहते, हे व्हिडिओतच समजतं.

डोकं, शिंगं, रंग, कान ही जातीची ओळख. तुमचा तिसरा फोटो तेवढ्यापुरता उपयोगी आहे, आणि त्यात दोन्ही डोळे स्वच्छ दिसतात, ते महत्त्वाचं, कारण माजावरची गाय वळू बऱ्याच अंशी नजरेने हेरतो. मान जाड, खांदे भरलेले, चेहरा नराचा असणं हे संप्रेरकं नीट असल्याचं लक्षण मानतात. तोंडवळा गाईसारखा नाजूक असेल तर वृषणांकडे दुप्पट बारकाईने बघावं. वयासाठी खालचे दात उघडून फोटो मागवा. पहिली कायमची जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमाराला येते, दुसरी अडीच-तीनच्या दरम्यान. देशी जनावरांत थोडं उशिरा. अडीच वर्षांचा सांगितलेला वळू सहादाती, म्हणजे कायमच्या तीन जोड्यांचा, निघाला तर वय चुकीचं सांगितलंय.

वजनाचा अंदाज फोटोवरून सगळ्यात जास्त चुकतो. त्याऐवजी टेपने दोन मापं मागा: पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून बसायच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंमीमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०, म्हणजे किलो. घेर १८० आणि लांबी १५० असेल तर उत्तर येतं सुमारे ४४८ किलो. टेपचा आकडा दिसेल असा फोटो मागितला की शंकेला जागा राहत नाही.

फोटोत अजिबात न दिसणाऱ्या गोष्टी कुठल्या, तर वीर्य, इच्छा आणि संसर्ग. वीर्य तयार होऊन बाहेर यायला दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो, म्हणून मागच्या महिन्यात ताप येऊन गेलेला वळू आज तुकतुकीत दिसेल आणि गाई मात्र उलटत राहतील, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतील. तपासणीत सरळ पुढे जाणारे शुक्राणू किमान ३० टक्के आणि आकाराने ठीक असलेले किमान ७० टक्के, ही साधारण मान्य असलेली रेषा आहे. ब्रुसेला, म्हणजे गाभ टाकायला लावणारा जंतू, रक्तातून तपासतात. ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे संसर्गाचे जंतू लिंगाच्या आवरणाच्या आत राहतात, वळूला काहीच त्रास देत नाहीत, आणि एका गाईकडून दुसरीकडे जातात. तुमचा वळू तीन महिने कळपात होता, म्हणून आवरण धुऊन घेतलेल्या नमुन्याची तपासणी तुम्ही टाळू नये. दुधासाठी पैदास करायची असेल तर वळूच्या दहा फोटोंपेक्षा त्याच्या आईची दुधाची नोंद आणि दुधात असतानाचा तिच्या कासेचा फोटो जास्त सांगून जातो.

तर आता मालकाला हे मागा. कडक, सपाट जमिनीवर, दोन्ही बाजूंनी काटकोनात एकेक फोटो, चारही खुरं दिसतील असे. बरोबर मागून एक, बरोबर समोरून एक. वृषणकोषाचा एक, खालच्या दातांचा एक. आणि ३० सेकंदांचे दोन व्हिडिओ: बाजूने चालताना आणि मागून लांब जाताना, दोरी सैल ठेवून. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो का, पाऊल आखूड पडतं का, डोकं प्रत्येक पावलाला वर उचललं जातं का, एवढं बघा. डोकं लयीत उचललं जात असेल तर पुढचा एखादा पाय दुखतोय. व्हिडिओ दोनदा बघा, दुसऱ्यांदा संथ गतीने आणि नजर फक्त खुरांवर ठेवून.

हे सगळं ठीक दिसलं तर तुमचा वळू बघायला जाण्यासारखा आहे; २.५ गुणांवरून मी त्याला सोडणार नाही. घेर, वीर्य आणि संसर्ग यांच्या तपासण्या मालकाच्या गोठ्यातच करून घ्या, निकाल हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, आणि आणल्यावर किमान ३० दिवस कळपापासून वेगळा बांधा. तेवढ्या काळात अर्ध्या गुणाची भरपाई सुरूही होईल. पहिल्या हंगामात मात्र त्याच्यामागे १५ ते २० गाईंपेक्षा जास्त सोडू नका.